मेहेरबानी नको, नियम द्या

परदेशातून आणलेल्या मालावर कर घेऊ नका, असं मी म्हणणार नाही. उभा जन्म लोकांची विवरणपत्रं भरण्यात गेला आहे. कर बुडवणाऱ्याची वकिली माझ्याच्याने होणार नाही. लक्ष्मी रोडवरचा दुकानदार गाळ्याचं भाडं, नोकरांचे पगार आणि जीएसटी भरून फोन विकायला बसतो. दुबईहून कपड्यांच्या घडीत सहा फोन दडवून आणणारा तेच फोन सोसायटीच्या ग्रुपवर खपवतो. हा सरळसरळ त्या दुकानदाराच्या पोटावर पाय आहे. आणि अशा माणसांची आपल्याकडे वानवा नाही. दिवाळीच्या फराळाला जमलेल्या शिकल्यासवरल्या मंडळींत कस्टम्सच्या ग्रीन चॅनलमधून कसा बिनबोभाट बाहेर आलो याच्या गोष्टी रंगतात, सगळे कौतुकाने ऐकतात, आणि चहा यायच्या आत तीच मंडळी नगरसेवकाने रस्त्याच्या डांबरात किती खाल्लं यावर तावातावाने बोलू लागतात. या लोकांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. त्यांना पकडावं, पुरता कर घ्यावा आणि वर दंडही घ्यावा.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून मला कुणी कर चुकवणाऱ्यांचा कैवारी ठरवायला नको. माझा संताप वेगळ्याच गोष्टीवर आहे. बाहेरून काही घेऊन घरी परतणाऱ्या साध्या माणसाला आपलं सरकार आधी चोर धरतं, मग त्याला सोडायचं की नाही ते त्या त्या वेळी ठरवतं, आणि सोडलंच तर उपकार केल्यासारखं सोडतं. नियम सडलेला आहे हे वरपासून खालपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. तो बदलत नाहीत. त्यातून एखाद्याला सूट देतात. पेपरात फोटो येतो, आभार मानले जातात, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्यांना तोच सडका नियम लागू राहतो.

सोन्याचंच घ्या. परदेशात वर्षाहून अधिक राहून परतणाऱ्या भारतीयाला थोडे दागिने बिनकराचे आणता येतात. १९९१ साली ही सूट पुरुषाला १० हजार रुपये आणि बाईला २० हजार रुपये होती. पुढची बावीस वर्षं त्या आकड्याला कुणी हात लावला नाही. २०१३ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी तो ५० हजार आणि १ लाख केला, आणि १९९१ नंतर नियम बदलला नव्हता हे संसदेत स्वतःच सांगितलं. मग आले २०१६ चे बॅगेज रूल्स. त्यांत वजन आलं: पुरुषाला २० ग्रॅम, बाईला ४० ग्रॅम. पण रुपयांची जुनी मर्यादाही शेजारी तशीच ठेवली. त्या वर्षी दहा ग्रॅम सोनं तीस हजारांच्या आसपास होतं, त्यामुळे ४० ग्रॅम आणि १ लाख यांचा जेमतेम मेळ बसत होता. पुढे भाव चढत गेला. २०२४ मध्ये दहा ग्रॅमने ७० हजार ओलांडले, २०२५ मध्ये १ लाख ओलांडला. कागदावर बाईला ४० ग्रॅमची सूट होती. हातात दहा ग्रॅमचीही उरली नाही. चार तोळ्यांची सूट एका तोळ्याखाली आली आणि त्यासाठी नियमातलं एक अक्षरही बदलावं लागलं नाही. ज्यांच्या टेबलावर हा नियम होता त्यांना सोन्याचा भाव कळत नव्हता का? सोन्यावरची आयात ड्युटी तर त्यांनी या काळात वारंवार फिरवली. २०१९ मध्ये साडेबारा टक्के केली, २०२१ मध्ये उतरवली, २०२२ च्या जुलैत १५ टक्क्यांपर्यंत चढवली, २०२४ च्या जुलैत एकदम ६ वर आणली. तिजोरीत भर पडायची असेल किंवा परकीय चलन अडवायचं असेल तेव्हा रातोरात अधिसूचना निघते. बाईच्या हातातल्या बांगडीची मर्यादा भावाबरोबर वाढवायला मात्र कुणाला सवड झाली नाही.

बरं, ही सूट वर्षभर बाहेर राहिलेल्यांची. लेकीकडे दोन-चार महिने जाऊन येणाऱ्या आईचं काय? २०१६ च्या नियमांत 'पर्सनल इफेक्ट्स' म्हणजे रोजच्या गरजेच्या वस्तू, आणि त्यांतून दागिने नाव घेऊन वगळलेले. म्हणजे पायातली चप्पल रोजच्या वापराची, चष्मा रोजच्या वापराचा, आणि लग्नाच्या दिवसापासून गळ्यातून न उतरलेलं मंगळसूत्र नाही. हा नियम लिहिणाऱ्याच्या घरात आई नव्हती का, बायको नव्हती का?

यावर खात्याचं ठरलेलं उत्तर आहे. जाताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्यायचं, म्हणजे येताना प्रश्न येत नाही. ही सोय आहे, मान्य. पण ती आहे हे सांगतं कोण? तिकीट काढून देणारा एजंट सांगत नाही. विमान कंपनी सामानात पॉवर बँक आहे का ते तीनदा विचारते, अंगावर सोनं किती हे एकदाही विचारत नाही. पहिल्यांदाच विमानात बसणारी, पासपोर्ट छातीशी धरून मुलाच्या मागे मागे चालणारी बाई निघण्याच्या घाईत कस्टम्सचं टेबल कुठे आहे ते शोधत फिरेल आणि स्वतःच्याच बांगड्यांचा दाखला मागेल, अशी ज्यांची कल्पना आहे त्यांनी एक रात्र निर्गमनाच्या दारात उभं राहून बघावं.

एका विमानतळावर मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. मंडणगडकडच्या एक मावशी मस्कतहून लेकीचं बाळंतपण उरकून परतत होत्या. हातात दोन पाटल्या आणि दोन गोठ. सोनं इतकं झिजलेलं की कडांचं नक्षीकाम हाताला लागतच नव्हतं. काउंटरवरचा अधिकारी तरुण होता, उर्मट मुळीच नव्हता. त्याने विचारलं, "मॅडम, बिल है?" मावशी म्हणाल्या, "बिल कुठलं ओ? आईनं घातल्यात लग्नात." त्याला मराठी कळत नव्हतं की कळूनही उपयोग नव्हता, कोण जाणे. पाटल्या उतरवायला सांगितल्या. त्या बोटांच्या सांध्यांवरून निघेनात. सांधे सुजलेले, वय झालेलं. कुणीतरी हात धुवायच्या साबणाची बाटली आणून दिली. भर हॉलमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, साठी उलटलेली एक बाई साबणाने हात चोळत स्वतःच्या लग्नातल्या पाटल्या काढत होती. डावी निघाली. उजवीला मनगटापाशी रक्त आलं. मग चारही दागिने इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले गेले, आकडा लिहिला गेला, आणि एक छापील इंग्रजी कागद पुढे आला. "यहाँ साइन."

मी मागे उभा होतो. पुढे होऊन कागद वाचला. त्यात लिहिलं होतं की मला कारणे दाखवा नोटीस नको, सुनावणीही नको. मावशींना मी ते मराठीत सांगितलं. त्या गोंधळून माझ्याकडे बघत राहिल्या, म्हणाल्या, "मग सही करू का नको, भाऊ?" अधिकारी मला म्हणाला, "आप अपना देखिए." बाहेर मुलगा पहाटेपासून गाडी घेऊन उभा होता, पुढे मंडणगडपर्यंतचा रस्ता होता. मावशींनी सही केली. शाळेत शिकवलं असेल तसं पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं, मराठीत. पाटल्या पुढे सुटल्या, पण मुलाला मुंबईच्या खेपा घालाव्या लागल्या, वकील गाठावा लागला आणि दंड भरावा लागला. स्वतःच्या आईच्या पाटल्या स्वतःच्याच सरकारकडून त्याला विकत घ्याव्या लागल्या.

तो कागद बेकायदेशीर होता. हे माझं मत म्हणून सांगत नाही. कस्टम्स कायदा १९६२ चा. त्याचं कलम १२४ सांगतं की माल जप्त करण्याआधी मालकाला कारणं कळवली पाहिजेत आणि त्याचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. कलम ११० सांगतं की माल ताब्यात घेतल्यावर सहा महिन्यांत नोटीस निघाली पाहिजे. फार तर आणखी सहा महिने वाढवून मिळतील, त्यानंतर माल परत. हे दोन्ही अडसर एका फटक्यात बाजूला करायला तो छापील कागद बनवला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एकामागून एक प्रकरणांत सांगितलं की असल्या छापील कागदावरच्या सहीने प्रवाशाचा हक्क जात नाही. त्याच न्यायालयाने हेही बजावलं की २०१६ चे नियम आजच्या सोन्याच्या भावाला धरून नाहीत, त्यांचा फेरविचार करा. आणि त्याच्याही आठ वर्षं आधी, २०१७ मध्ये, खुद्द सर्वोच्च न्यायालयाने वापरातल्या दागिन्यांना प्रवाशाचं खरंखुरं वैयक्तिक सामान म्हणून मानलं होतं. म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाचा निकाल हाताशी असताना काउंटरवर आठ वर्षं साबणाची बाटली फिरत राहिली. निकाल दिल्लीत लागतो. तो काउंटरपर्यंत उतरवणं हे कुणाचंच काम नाही, कारण निकालाने महसूल वाढत नाही.

कुणी म्हणेल, तस्करी केवढी होते ते पाहा. पाहिली आहे. सोन्याची पेस्ट करून कॅप्सूलमधून शरीरात लपवून आणतात, बेल्टच्या बकलात ओतून आणतात, ट्रॉली बॅगेच्या दांडीत भरून आणतात. ती पकडणारे अधिकारी जिवावर उदार होऊन काम करतात आणि त्यांना माझा सलाम आहे. पण मार्च २०२५ मध्ये बेंगळुरू विमानतळावर काय उघड झालं तेही पाहा. दुबईहून आलेली एक अभिनेत्री १४ किलोंहून अधिक सोन्यासह पकडली गेली. ती पोलिसांच्या शिष्टाचार व्यवस्थेचा आधार घेऊन तपासणी टाळून बाहेर पडत असे, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. ज्या यंत्रणेला मंडणगडच्या मावशींच्या मनगटावरचे झिजलेले गोठ लांबून दिसतात, त्याच यंत्रणेच्या नाकासमोरून किलोकिलोंनी सोनं जाऊ शकतं, कारण सोबत चालणारा माणूस सरकारी असतो. अडाणी, एकट्या, घाबरलेल्या प्रवाशाकडून वसुली सोपी असते. आकडा दाखवायला तोही चालतो.

आपल्या राज्याला तरी हा धडा नव्याने शिकायला नको होता. मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं. १४ कॅरेटच्या वरचा दागिना घडवायला बंदी झाली. गावोगावच्या सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या, पिढीजात कारागीर देशोधडीला लागले, आणि सोनं काही यायचं थांबलं नाही. ते दुबईच्या गलबतांतून रात्री किनाऱ्याला लागू लागलं. मुंबईतल्या तस्करांची साम्राज्यं त्या बंदीवर उभी राहिली. कायदा गुंडाळायला १९९० साल उजाडलं. त्या सत्तावीस वर्षांत प्रामाणिक सोनार मेला आणि तस्कर गबर झाला. अवास्तव मर्यादा घातली की ती पाळणारा भरडला जातो आणि मोडणारा सोकावतो, हे मुंबईच्या गल्लीबोळांनी पाहिलेलं आहे.

कोकणातून आखातात गेलेल्यांच्या घरात आणखी एक आठवण आहे. खेड, चिपळूण, श्रीवर्धन, महाडकडची माणसं कुवेत-सौदीत उन्हात राबून दोन-तीन वर्षांनी घरी यायची आणि येताना एक मोठा टीव्ही आणायची. दोऱ्यांनी करकचून बांधलेलं ते खोकं एसटीच्या टपावर चढायचं. २६ ऑगस्ट २०१३ पासून सपाट पडद्याच्या टीव्हीला प्रवाशाच्या सवलतीतून काढून टाकलं आणि पस्तीस टक्क्यांवर कर लावला, का तर रुपया घसरत होता. त्या रुपयाला सावरायला परदेशातून पैसे पाठवणारा जो कामगार, त्याच्याच खोक्यावर पहिला हात पडला.

विमानतळावर निदान समोर माणूस असतो. पार्सलवर कर बसतो तेव्हा तोही नसतो. माझ्या पुतण्याने बोस्टनहून त्याच्या वडिलांना चालायचे बूट पाठवले होते. भाऊ गुडघ्यांनी बेजार, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रकारचे बूट इथे त्याच्या मापात मिळेनात. दहा हजारांचा माल. त्यावर आलेलं बिल मी समोर घेऊन बसलो, कारण भावाला ते फसवणुकीचं वाटलं होतं. फसवणूक नव्हती, सगळं कायदेशीर होतं, हेच भयंकर होतं. मूळ सीमाशुल्क ३५ टक्के, म्हणजे ३,५०० रुपये. त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, ३५० रुपये. आता बेरीज झाली १३,८५०, आणि तिच्यावर २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, ३,८७८ रुपये. नीट बघा: हा २८ टक्के बुटांच्या किमतीवर नव्हता, तर किंमत, सीमाशुल्क आणि अधिभार या तिन्हींवर होता. सरकारने घेतलेल्या करावर सरकारने पुन्हा कर घेतला. दहा हजारांच्या बुटांवर ७,७२८ रुपये. वर कुरिअर कंपनीची फी, आम्ही तुमच्या वतीने सरकारला पैसे आधी भरले म्हणून, आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी. वैयक्तिक वापराच्या पार्सलांवर हा ७७.२८ टक्क्यांचा दर आपल्याकडे वर्षानुवर्षे चालला. ज्या देशात बाप मुलाने पाठवलेले बूट सोडवायला पेन्शन मोडतो, तिथे लोक पार्सलावर खोटी किंमत लिहायला शिकतात, आणि मग सरकार म्हणतं, पाहा, लोक खोटं लिहितात.

पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंतची भेटवस्तू बिनकराची येत असे. काही चिनी ऑनलाइन दुकानांनी त्या सवलतीचा धडधडीत गैरवापर केला; धंद्याचा माल 'गिफ्ट' म्हणून लाखोंनी पार्सलांत पाठवला. त्यांना रोखायलाच हवं होतं. मग काय केलं? १२ डिसेंबर २०१९ ला विदेश व्यापार महासंचालनालयाने पोस्टाने आणि कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंवरची सूटच बंद केली. पूर्ण कर भरा आणि न्या. अपवाद दोन: जीव वाचवणारी औषधं आणि राखी. आणि खाली खुलासा, की राखी चालेल, राखीसोबतची भेट चालणार नाही. न्यू जर्सीतल्या बहिणीने राखीच्या पाकिटात भावासाठी सदऱ्याचं कापड घातलं तर त्या कापडावर पुरता कर. बड्या कंपन्यांची चोरी पकडता आली नाही म्हणून शिक्षा बहीणभावाला. त्याच वर्षीच्या जुलैत अर्थसंकल्पाने परदेशी छापील पुस्तकांवर पाच टक्के सीमाशुल्क लावलं होतं. जे पुस्तक इथे छापलंच जात नाही, ज्याची एक प्रत एखादा संशोधक विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या पैशातून मागवतो, त्यावर कर लावून कुठल्या देशी उद्योगाचं रक्षण होतं?

हे सगळं एक वेळ सहन करता येईल. बूट महाग पडले तर अनवाणी कुणी मरत नाही. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत मात्र माणसं श्वासावाचून मरत होती. रुग्णालयांत खाट नव्हती, सिलिंडर नव्हता, आणि परदेशातले नातेवाईक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विकत घेऊन घरच्यांना पाठवत होते. त्यावर २८ टक्के आयजीएसटी होता. १ मेपासून तो १२ टक्के केला, तोही जूनअखेरपर्यंतच. ३ मेला सरकारने सांगितलं की दान म्हणून, राज्याने नेमलेल्या यंत्रणेमार्फत आलेल्या यंत्रावर कर माफ. म्हणजे तेच यंत्र सरकारच्या हातून आलं तर शून्य, आणि अमेरिकेतल्या पुतण्याने आजारी काकांना थेट पाठवलं तर १२ टक्के. दिल्लीतले ८५ वर्षांचे एक गृहस्थ, पुतण्याने पाठवलेलं यंत्र दारात आणि अंगात कोरोना अशा अवस्थेत, उच्च न्यायालयात गेले. २१ मे २०२१ ला न्यायालयाने हा कर घटनाबाह्य ठरवला: समानतेच्या आणि जगण्याच्या हक्काला धरून नाही म्हणून. सरकारने काय करायला हवं होतं? मान खाली घालून निकाल मान्य करायला हवा होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १ जूनला त्या निकालावर स्थगिती मिळवली. त्या उन्हाळ्यात आपल्या स्मशानांत जागा नव्हती. आणि वकिलांची फौज लावून देशाचं अर्थखातं भांडत होतं ते श्वासावरच्या १२ टक्क्यांसाठी. हे मी विसरणार नाही, कुणीही विसरू नये.

त्याच वर्षीची मुंबईतली गोष्ट सगळ्या महाराष्ट्राने वाचली होती. काही महिन्यांच्या एका बाळाला स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी. झोलजेन्स्मा नावाचं एकच इंजेक्शन, किंमत सुमारे १६ कोटी. आईवडिलांनी लोकांपुढे पदर पसरला आणि हजारो अनोळखी माणसांनी दहा-वीस-शंभर रुपये टाकून ती रक्कम उभी केली. मग कळलं की इंजेक्शन आणायला सुमारे ६ कोटींचा कर आहे. देवेंद्र फडणवीस तेव्हा विरोधी पक्षनेते होते. त्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं, आणि कर माफ झाला. ज्यांनी हे केलं त्यांचं मी मनापासून अभिनंदन करतो. पण ज्या बाळाच्या आईवडिलांना पत्र लिहिणारा पुढारी भेटला नाही, ज्यांचा फोटो टीव्हीवर आला नाही, त्यांनी काय करायचं? लोकवर्गणीतल्या पैशांवर कर लावणारा नियम त्याच दिवशी रद्द व्हायला हवा होता. तसं झालं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये जीएसटी परिषदेने वैयक्तिक वापरासाठी आणलेल्या झोलजेन्स्मा आणि विल्टेप्सो या दोनच औषधांना आयजीएसटीतून मोकळं केलं. दुसरा आजार झालेल्या बाळाने थांबायचं. दुर्मिळ आजारांवरच्या राष्ट्रीय धोरणात आलेल्या आजारांसाठी रुग्णाने स्वतः आणलेल्या औषधांवरचं सीमाशुल्क माफ व्हायला १ एप्रिल २०२३ उजाडला. त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकाचा दाखला पुरतो. पत्र नको, पुढारी नको, टीव्ही नको. जिल्ह्याच्या ठिकाणी जा, दाखला घ्या, औषध आणा. नियम असा असतो. मग तो करायला इतक्या बाळांना का थांबावं लागलं?

आता २०२६ च्या अर्थसंकल्पासोबत बऱ्याच गोष्टी बदलल्या आहेत. प्रवाशाची बिनकराची मर्यादा ५० हजारांवरून ७५ हजार झाली. दागिन्यांवरची रुपयांची मर्यादा काढून फक्त वजन ठेवलं. वैयक्तिक वापराच्या वस्तूंवरचा मूळ दर २० वरून १० टक्के करण्याची घोषणा झाली. चांगलं झालं, आणि चांगल्याला मी चांगलंच म्हणतो. विशेषतः वजनाची गोष्ट फार पूर्वी व्हायला हवी होती, कारण वजनाला महागाई लागत नाही. पण ७५ हजार हा आकडा पुन्हा रुपयांतच आहे, आणि तो दरवर्षी आपोआप वाढेल अशी कुठलीही तजवीज मला दिसत नाही. प्राप्तिकरात भांडवली नफ्यासाठी खर्च-महागाई निर्देशांक सरकारने अनेक वर्षं चालवला. दर वर्षी आकडा जाहीर व्हायचा. तेच गणित इथे बसवायला काय अडचण आहे? एका ओळीचं काम आहे. ते केलं नाही, तर २०३५ साली कुणीतरी पुन्हा हेच लिहीत बसेल.

आणि काउंटर? तिथे काय बदललं? प्रवाशाच्या हातात द्यायचा प्रत्येक कागद मुंबई, पुणे, नागपूरच्या विमानतळांवर मराठीत हवा. नोटीस आणि सुनावणी सोडून देणारे छापील कागद नष्ट केले पाहिजेत, आणि तरीही कुणी पुढे केला तर त्या अधिकाऱ्यावर कारवाई हवी. अंगावरचा दागिना उतरवायचा असेल तर आधी लेखी कारण, बाईसमोर बाई अधिकारी, बंद खोली, आणि वजनाची पावती जागेवर. खरेदीचं खरं बिल समोर ठेवलेलं असताना फोनवर कुठल्यातरी वेबसाइटची किंमत बघून कर आकारायचा, हे बंद व्हायला हवं. बिल खोटं वाटत असेल तर ते खोटं का वाटतं ते लिहून द्या.

महाराष्ट्रातून ४८ खासदार लोकसभेत जातात. अर्थखात्याला अतारांकित प्रश्न विचारायला पंधरा दिवसांची सूचना पुरते. त्यांच्यापैकी एकाने तरी तो विचारावा: २०१६ ते २०२६ या काळात मुंबई, पुणे आणि नागपूर इथे प्रवाशांच्या अंगावरून उतरवलेल्या दागिन्यांच्या किती प्रकरणांत सहा महिन्यांच्या आत नोटीस निघाली, किती जणांकडून छापील कागदावर सह्या घेतल्या, त्यांतल्या किती मराठीत होत्या, आणि मुदत उलटूनही किती ग्रॅम सोनं आज सरकारच्या ताब्यात आहे. उत्तर विमानतळवार आणि लेखी हवं.